तोर्केलचं पदक, आयसमची होडी

ज्या रविवारी पाद्रीसाहेबांनी व्यासपीठावरून सांगितलं, की गुलाम बाळगणं हे शास्त्राप्रमाणे पाप ठरत नाही, त्या रविवारी तोर्केल ब्रेमनेस बाकावरून उठला, टोपी डोक्यावर चढवली आणि मधल्या वाटेनं चालत सरळ चर्चच्या बाहेर पडला. आमच्या विस्कॉन्सिनच्या नॉर्वेजियन वस्तीत असं तोवर कुणी केलं नव्हतं. प्रवचन चालू असताना बाहेर जायचं ते उलटी होत असेल तर, किंवा गाय व्यायला आली असेल तर. त्याच्या मागोमाग त्याची बायको गुरीही उठली. जाताना ती बाकाखालची शिदोरीची टोपली उचलायला विसरली नाही.

शेजारी तोलेफ काळजीनं त्यांच्या मागे धावत आला.

"पोट बिघडलं काय रे?"

"नाही," तोर्केल म्हणाला, "डोकं."

तोर्केलचं गाव नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं. तिथे त्याच्या बापानं आयुष्यभर दुसऱ्याच्या होडीवर काम केलं. होडी मालकाची, जाळं मालकाचं, मासळी मालकाची. पाठ तेवढी स्वतःची. एकदा जाळं फाटलं म्हणून मालकानं साऱ्या गावादेखत त्या पाठीवर वल्ह्याचा दांडा हाणला होता. बाप घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला. तोर्केल तेव्हा लहान होता, पण ती पाठ त्याच्या डोळ्यांपुढून कधी हलली नाही.

"आम्हाला काही कुणी बाजारात उभं करून विकलं नव्हतं," तो तोलेफला म्हणाला. "तरी एवढं झोंबलं. ज्यांना विकतात त्यांचं काय होत असेल? आणि हे म्हणतात, पाप नाही!"

"अरे मासेखाऊ," तोलेफ म्हणाला. तो डोंगराळ खोऱ्यातला, पिढीजात शेतकरी. किनाऱ्यावरच्या माणसांना तो याच नावानं हाक मारायचा. "इथे येऊन तुला जेमतेम तीन वर्षं झाली. इंग्रजीत पाणी मागता येत नाही तुला. आणि तू निघालास अमेरिकेची भांडणं सोडवायला?"

"पाणी नसेल मागता येत," गुरी मधेच म्हणाली, "पण 'नाही' म्हणता येतं त्याला. आत्ता म्हणालाच की, साऱ्या वस्तीसमोर."

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांत तेव्हा गुलामगिरीवरून युद्ध चालू होतं. त्या शरदात तोर्केल उत्तरेच्या पलटणीत नाव घालायला निघाला. गुरीनं त्याला लोकरीचे मोजे विणून दिले आणि रडणं तो वळणापलीकडे जाईपर्यंत थोपवून धरलं. दुसऱ्या दिवशी भरतीच्या रांगेत पाहतो तर पुढे तोलेफ उभा.

"तू कसा काय?"

"तुला एकट्याला पाठवलं तर गोळी कुठल्या बाजूनं येते तेसुद्धा तुला कळायचं नाही," तोलेफ म्हणाला आणि पुढे बघू लागला.

*

अठराशे चौसष्ट सालच्या वसंतात त्यांची पलटण अलाबामात, टेनेसी नदीच्या उत्तर काठावर तळ देऊन होती. नदी हीच सरहद्द. अलीकडे उत्तरेचे निळे डगले, पलीकडे दक्षिणेचे करडे. एव्हाना तोर्केलची इंग्रजी कामापुरती झाली होती, म्हणजे त्याला शिव्या सगळ्या येत होत्या आणि हुकूम बहुतेक कळत होते.

एके दिवशी पहाटे एक लेफ्टनंट वीसेक माणसं आणि दोन होड्या घेऊन पलीकडच्या टेकडीवरच्या तोफांचा अंदाज घ्यायला गेला. त्यांत तोलेफही होता. जाताना सगळं सुरळीत झालं. पण वर डोंगरात रात्रभर कोसळलेल्या पावसाचं पाणी दुपारी खाली आलं आणि नदी बघता बघता फुगली. परतताना शत्रूनं त्यांना गाठलं. एक होडी तोफगोळ्यानं फुटली, दुसरी धारेनं ओढून नेली. माणसं पलीकडच्या काठाला एका दरडीखाली दडून बसली. वरून नेम धरता येत नव्हता, म्हणून करडे डगलेवाले निवांत वाट बघत होते. घाई करायची त्यांना गरजच नव्हती. पाणी दरडीखालच्या माणसांच्या गुडघ्यांपर्यंत चढलं होतं आणि आणखी चढतच होतं.

अलीकडच्या काठावर कर्नल हॅथवे दुर्बीण डोळ्याला लावून उभे होते.

"होड्या?"

"एकही नाही, सर. पूल बांधायच्या नावा दोन दिवसांच्या वाटेवर आहेत."

कर्नलनी दुर्बीण मिटली. तोर्केल मात्र खाली बसून बूट काढायला लागला. दोराचं एक वेटोळं त्यानं आधीच खांद्यावर टाकलं होतं.

"दोर घेऊन पोहत जाशील," मागून कुणीतरी म्हणालं, "तर दोर परत येईल. तू नाही यायचास."

खेचरांच्या गाडीला टेकून एक उंच काळा माणूस उभा होता. त्याचं नाव आयसम. हिवाळ्यात तो पलीकडून पळून या तळावर आला होता आणि तेव्हापासून पलटणीची खेचरं हाकत होता.

"त्या पडलेल्या झाडाखाली भोवरा आहे, साहेब. त्यानं माझ्यादेखत घोडा गिळलाय, खोगिरासकट."

"मला साहेब म्हणू नकोस," तोर्केल म्हणाला. "आमच्याकडे ज्याची होडी तो साहेब."

"असं?" आयसमनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग तूच मला साहेब म्हण. होडी माझ्याकडे आहे."

तो त्याला जवळच्या ओढ्यावर घेऊन गेला. ओढा नदीला मिळतो तिथे वेताची दाटी होती आणि तिच्यात कमरेएवढ्या पाण्याखाली, दगड भरून बुडवलेली, एक लांब सपाट बुडाची होडी होती. तोर्केलनं पाण्यात हात घालून तिच्या कडेवरून फिरवला. हात लावताच त्याला कळलं की ही जाणत्या माणसानं बांधलेली होडी आहे.

"अकरा वर्षं मी या नदीवर मालकाची तर चालवली, लोकांना पार नेणारी नाव," आयसम म्हणाला. "पळालो तो हिच्यातून. मी एकटाच. दोर्कास, माझी बायको, बाळंतीण होती, तिला हलवता येईना. ती पलीकडेच आहे, दोन लेकरं घेऊन. तिला आणण्यासाठी ही बुडवून ठेवलीय. आज ही वर काढली की तुमची पलटण हिच्यावर हक्क सांगणार, आणि दुसरी काही मला मिळायची नाही. तेव्हा आधी बोलून घेऊ. आज मी तुझ्या माणसांसाठी येतो. तू माझ्या माणसांसाठी येशील?"

"येईन."

"कर्नल नको म्हणाले तर?"

तोर्केल विचार केल्याशिवाय शब्द देणारा नव्हता. नदीच्या त्या बाजूनं गोळीचा आवाज आला. त्यानं मान वर करून दरडीकडे पाहिलं, मग आयसमकडे.

"तरी येईन."

आयसम तळहातावर थुंकला आणि हात पुढे केला.

*

पुढच्या दोन तासांत जे घडलं ते दोन्ही काठांवरच्या लोकांनी पाहिलं, म्हणून त्याबद्दल कधी वाद झाला नाही.

दगड काढून, पाणी उपसून होडी त्यांनी काठाकाठानं बरीच वर ओढत नेली, कारण धार त्यांना खाली खेचणार हे दोघांनाही ठाऊक होतं. आयसमनं पुढचं वल्हं घेतलं, तोर्केलनं मागचं. पहिल्या पन्नास हातांतच त्यांची लय जुळली. बोलायची गरजच पडेना. आयसम खांदा जरा डावीकडे टाकायचा, की तोर्केल समजायचा, पुढे भोवरा आहे. तोर्केल घशातून एक हुंकार काढायचा, की आयसम समजायचा, ओंडका वाहत येतोय.

नदीच्या मध्यावर गोळ्या सुरू झाल्या. पाण्यात पडणाऱ्या गोळीचा आवाज बारीक असतो, कुणीतरी जिभेनं टाळूला टिचकी मारावी तसा. तोर्केलला तेव्हा भीती वाटली नाही. हात कामात असले की त्याला कधीच भीती वाटत नसे. पहिली खेप घेऊन ते परत आले, सात-आठ चिंब माणसं काठावर उतरली आणि मग दुसऱ्या खेपेसाठी होडी वर ओढताना मात्र त्याला होडीची कड धरून उभं राहावं लागलं.

"होतं असं," आयसम म्हणाला. त्यानंही दुसरी कड धरून ठेवली होती.

दुसऱ्या खेपेला एक गोळी तोर्केलच्या डाव्या कानाचा वरचा तुकडा घेऊन गेली. मानेवरून गरम रक्त वाहिलं. काठावरून कर्नल ओरडले, "बस झालं! आता परत जाऊ नका!" तोर्केलला ते ऐकू आलं नाही. नंतर तो म्हणायचा, कान फुटला होता म्हणून. आयसमचे दोन्ही कान शाबूत होते. त्यालाही ऐकू आलं नाही.

तिसऱ्या खेपेला दरडीखाली शेवटची पाचजणं उरली होती. पाणी छातीशी आलेलं. लेफ्टनंटच्या मांडीत गोळी होती आणि तोलेफ त्याचं डोकं दोन्ही हातांनी पाण्याच्या वर धरून उभा होता. तोलेफला पोहता येत नव्हतं. त्याचे ओठ निळे पडले होते, पण तोंड चालूच होतं.

"एवढा वेळ? मला वाटलं, वाटेत मासे धरत बसलास."

"चढ आता, गाढवा," तोर्केल म्हणाला.

वीस माणसं गेली होती. वेढा पडताना दोघं मारले गेले होते. बाकी सगळी परत आली.

संध्याकाळी कर्नल हॅथवेंनी तोर्केलला तंबूत बोलावलं. त्यांनी स्वतः उठून त्याच्यासाठी कॉफी ओतली. ते म्हणाले, "काँग्रेसनं शूर शिपायांसाठी पदक काढलंय. मी तुझं नाव पाठवतोय. काय काय केलंस ते तुझ्या तोंडानं सांग."

"सर, दोघांची नावं पाठवा."

"तो शिपाई नाही, ब्रेमनेस. पदक शिपायालाच देता येतं."

तोर्केलनं कॉफीचा पेला खाली ठेवला. इंग्रजी शब्द जुळवायला त्याला जरा वेळ लागला. "सर, एकाच वल्ह्यानं होडी गोल गोल फिरते. मी एकटा असतो तर अजून तिथेच फिरत असतो."

कर्नल हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आयसमचंही वर्णन अहवालात घातलं, त्याला खेचरांवरून काढून नदीच्या कामावर घेतलं, पगारही लावून दिला. पण आयसमनं सांगितलं होतं तेच घडलं. होडीला साखळी लागली, तिच्यावर पहारा बसला, आणि परवानगीशिवाय कुणीही नदी ओलांडायची नाही असा वरून हुकूम आला.

तोर्केलनं रीतसर परवानगी मागितली. ती नाकारली गेली. दोन आठवड्यांनी त्यानं पुन्हा मागितली.

"एका कुटुंबासाठी मी माणसं धोक्यात घालू शकत नाही," कर्नल म्हणाले. "तुला कळतं ना ते?"

"कळतं, सर," तोर्केल म्हणाला. आणि ते त्याला खरंच कळत होतं. म्हणून तर त्यानं तिसऱ्यांदा विचारलं नाही.

*

मेच्या अखेरीस पदक आलं. त्याच्याबरोबर निरोप आला की जनरल साहेब स्वतः येऊन, सगळी पलटण उभी करून, ते तोर्केलच्या छातीवर लावणार. तळावर धांदल उडाली. बूट चकाकू लागले, तंबूंच्या दोऱ्या सरळ झाल्या. तोलेफनं तोर्केलचे केस कापले आणि फुटका कान दिसावा म्हणून त्या बाजूनं जरा जास्तच कापले.

समारंभाच्या आदल्या दिवशी, सूर्य उगवायच्या बेतात असताना, आयसम त्याच्या तंबूशी आला.

"काल रात्री पलीकडून एकजण पोहून आलाय. मालक आपली सगळी माणसं दक्षिणेला हलवतोय, जॉर्जियात. उद्या निघणार. आज सोमवार. सोमवारी दोर्कास नदीवर धुणं घेऊन येते. आजचा दिवस गेला तर मी तिला कुठे शोधू?" तो थांबला. "हे बघ, उद्या तुझा दिवस आहे. तू नाही आलास तर मी काही मनात ठेवणार नाही. मी मात्र जाणार."

तोर्केल बूट काढत होता.

"एका वल्ह्यानं?" तो म्हणाला.

होडीवर पहारा तोलेफचा होता. बंदूक खांद्याला लावून तो साखळीजवळ उभा होता. दोघं वल्ही घेऊन समोर येऊन ठाकले तेव्हा त्यानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. कोवळं ऊन नदीभर पसरलं होतं आणि पलीकडच्या झाडांची पानं मोजावीत इतकी स्वच्छ दिसत होती.

"काय धुकं पडलंय आज," तोलेफ म्हणाला. "हाताला हात दिसेना." त्यानं खिशातली किल्ली काढून वाळूत टाकली आणि पाठ फिरवून उभा राहिला. "आणि हे बघ, मासेखाऊ. मेलास तर गुरीला मी तोंड दाखवणार नाही. ते तुझं तू बघ."

नदी आता उतरली होती. ते बेटाच्या आडोशानं गेले आणि वेतांच्या दाटीतून काठाला लागले. थोड्या अंतरावर एका सपाट खडकावर एक बाई लाकडी बडवण्यानं धुणं बडवत होती. शेजारी चारेक वर्षांची पोर बसली होती, आणि ओल्या कपड्यांनी भरलेली एक मोठी टोपली होती. आणि खडकाच्या वरच्या अंगाला, बंदूक गुडघ्यांवर आडवी ठेवून, एक करडा डगला बसला होता.

आयसमचा श्वास थांबला. तोर्केलला तो थांबलेला ऐकू आला.

दोर्कासनं मान वर केली. तिला वेतांत नवऱ्याचा चेहरा दिसला असणार, कारण तिचा हात क्षणभर हवेत राहिला. मग तिनं पुन्हा धुणं बडवायला सुरुवात केली, आधीसारखंच, त्याच ठेक्यात. तोंडानं ती पहारेकऱ्याशी बोलू लागली.

"हवालदारसाहेब, ही मोठी चादर पिळायला मला एकटीला जमत नाही. एक टोक धरता का?"

"मी काय तुझा धोबी आहे?"

"चादर तुमच्याच कॅप्टनची आहे. न वाळता गेली तर विचारतील, कोण होतं तिथे."

पहारेकरी कुरकुरत उठला, बंदूक खडकाला टेकवून ठेवली आणि चादरीचं टोक धरायला वाकला. दोर्कासनं ती ओलीचिंब जड चादर उचलली आणि त्याच्या डोक्यावरून टाकून दोन्ही हातांनी खाली ओढली. तो तोंडावर पडला. तोवर आयसमनं खडकावर झेप घेऊन बंदूक उचलली होती आणि तोर्केल पहारेकऱ्याच्या पाठीवर बसला होता.

"मारू नका!" चादरीच्या आतून आवाज आला.

"कोण मारतंय तुला," दोर्कास म्हणाली. "गप पड. कॅप्टनची चादर मळवू नकोस."

त्याला त्याच चादरीत गुंडाळून, धुण्याच्या दोरीनं बांधून त्यांनी सावलीत ठेवलं. आयसमनं पोरीला कडेवर घेतलं. दोर्कासनं टोपली उचलली आणि वरचे कपडे बाजूला केले तेव्हा तोर्केलला कळलं की टोपली एवढी जपून का धरली होती. आत बाळ होतं, गाढ झोपलेलं.

"हा कोण?" होडीत बसताना तिनं आयसमला विचारलं.

"नॉर्वे," आयसम म्हणाला. "दुसरं वल्हं."

ते नदीच्या मध्यावर आले आणि टेकडीवर कुणाला तरी संशय आला. पहिल्या दोन गोळ्या लांब पडल्या. तिसरी आयसमच्या वल्ह्याच्या पात्यावर बसली आणि पातं दोन तुकडे होऊन वाहून गेलं. होडीनं लगेच तोंड फिरवलं. तोर्केल जीव खाऊन ओढत होता, पण जितकं ओढावं तितकी होडी जास्तच फिरत होती. तेवढ्यात आयसमच्या शेजारून एक लाकडी फळी पाण्यात घुसली. दोर्कास होडीच्या कडेला गुडघे टेकून बसली होती आणि धुण्याचं बडवणं पाण्यात मारत होती, खडकावर मारायची त्याच जोरानं.

"असं नाही, खोल घाल!" आयसम ओरडला.

"अकरा वर्षं मी तुझं ऐकलं," ती म्हणाली. "आता तू पोर सांभाळ."

होडी सरळ झाली.

*

अलीकडच्या काठावर त्यांची वाटच पाहत होते. सगळ्या तळानं गोळ्यांचा आवाज ऐकला होता. तोर्केलला तिथल्या तिथे अटक झाली. तोलेफलाही झाली, कारण धुक्याची गोष्ट कुणालाच पटली नाही. आयसम शिपाई नव्हता, म्हणून तो सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनरल आले तेव्हा कर्नल हॅथवेंची मोठी पंचाईत झाली. पलटण रांगेत उभी, बँड तयार, पदक मखमलीच्या पेटीत आणि ज्याला ते द्यायचं तो कोठडीच्या तंबूत. कर्नलनी सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. जनरल म्हातारे होते, दाढी पांढरी, एक पाय लंगडा. ते म्हणाले, "आणा त्याला."

तोर्केलला दोन शिपायांच्या मधून आणलं. त्याचा डगला अजून ओला होता.

"हुकूम माहीत होता तुला?" जनरलनी विचारलं.

"हो, सर."

"तरी गेलास?"

"सर, मी त्या माणसाला शब्द दिला होता. आमची अठरा माणसं तिकडे बुडत होती तेव्हा. त्यानं त्याचा शब्द लगेच पाळला. माझा राहिला होता."

"आणि आम्हाला दिलेला शब्द? भरती होताना शपथ घेतलीस ती?"

तोर्केलनं टाचा जुळवल्या.

"ती मोडली, सर. त्याची शिक्षा मला द्या. मी तक्रार करणार नाही. पण पुन्हा तसाच दिवस आला तर पुन्हा जाईन, हेही आत्ताच सांगून ठेवतो. नंतर म्हणाल, फसवलं."

कुणीतरी रांगेत खोकलं. जनरलनी वळून पाहिलं. स्वयंपाकाच्या तंबूपाशी आयसम उभा होता, एका हाताशी पोर, आणि त्याच्या शेजारी बाळाला खांद्यावर घेऊन दोर्कास. ती खाली बघत नव्हती. सरळ जनरलकडेच बघत होती, आता हा म्हातारा काय करतो ते बघू, अशा नजरेनं.

जनरलनी पेटी उघडली. काशाचा तो तारा त्यांनी आपल्या हातानं तोर्केलच्या ओल्या डगल्यावर टाचला, एक पाऊल मागे सरले आणि त्याला सलाम केला. मग आवाज न बदलता म्हणाले, "आणि परवानगीशिवाय नदी ओलांडल्याबद्दल दोन आठवडे संडासांचे चर खणायचे. पदक लावून. लोकांना दोन्ही दिसू देत." जाताजाता ते थांबले. "त्या धुकं दिसणाऱ्यालाही द्या एक फावडं."

पलटणीत जो हशा उठला तो आवरायला सार्जंटला बराच वेळ लागला.

तोर्केलनं चर खणले. तोलेफनंही खणले आणि दर फावड्यामागे एक टोमणा मारला. "शूर पुरुषा, जरा बाजूला हो, तुझं पदक चमकतंय, मला चिखल दिसत नाही." तोर्केल हसायचा. गेली दोन वर्षं तो रोज झोपताना विचार करायचा की आपण घर सोडून इथे आलो ते बरोबर केलं का. त्या आठवड्यांत त्याला तो विचार एकदाही पडला नाही. तो आडवा झाला की झोपायचा.

जूनमध्ये आयसम काळ्या शिपायांच्या पलटणीत भरती झाला. नाव लिहून घेणाऱ्यानं आडनाव विचारलं तेव्हा त्यानं मालकाचं सांगितलं नाही. तो म्हणाला, "फेरीमन. तर चालवणारा. तेच लिहा." त्याला लढाईत दोनदा जखमा झाल्या, पण तो जगला.

युद्ध संपलं. तोर्केल गुरीकडे परत आला. तिनं त्याच्या छातीवरचं पदक पाहण्याआधी कान पाहिला आणि तो असा का कापला जाऊ दिलास म्हणून त्याच्यावर चांगलीच खेकसली. मग त्याला मिठी मारून इतकी रडली, की तीन वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं.

आयसमची आणि त्याची भेट पुन्हा एकदाच झाली, वीस वर्षांनी. पलटणीतल्या जुन्या माणसांचा मेळावा चॅटनूगात होता. तोर्केल गुरीलाही घेऊन गेला, आणि परतताना वाट वाकडी करून दोघं त्या जुन्या तळापाशी नदीवर आले. काठावर एक घंटा टांगलेली होती. तोर्केलनं ती वाजवली. पलीकडून एक मोठी तर निघाली. वल्ह्यावर एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस आणि एक धिप्पाड तरुण होता. हा तरुण म्हणजे टोपलीत झोपलेलं ते बाळ, हे तोर्केलला मागाहून कळलं.

होडी निम्म्यावर आली असेल नसेल, पांढऱ्या केसांच्या माणसानं डोळ्यांवर हात धरला. मग तो ओरडला, "ए नॉर्वे! एक कान कमी असलेल्यांना आम्ही फुकट नेतो!"

दोर्कासनं त्यांना दोन दिवस हलू दिलं नाही. तळलेले मासे आणि मक्याची भाकरी ती वाढतच राहिली, आणि गुरी खातच राहिली. दोघींना एकमेकींचं बोलणं निम्मंच समजत होतं, पण नवऱ्यांबद्दलच्या तक्रारी सगळ्या समजत होत्या. ओसरीवर आयसम आणि तोर्केल यांचा वाद चालला होता, तिसऱ्या खेपेला दमून कुणाचं वल्हं आधी मंदावलं. आयसम म्हणत होता, तुझं. तोर्केल म्हणत होता, तुझं. दोर्कासनं आतून ओरडून सांगितलं, की मी तिथे असते तर दोघांनाही सांगितलं असतं. तेवढ्यात काठावर घंटा वाजली, आणि दोघंही वाद तसाच टाकून वल्ही घ्यायला उठले.